माईक कोणाच्या जागी ठेवायचा?

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. ग्वाल्हेरला पडाव भागात माझं स्पीकर आणि होम थिएटरचं दुकान आहे. आसपासचे दुकानदार नवीन गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना "वो जो चिल्लाते हैं, उनके बगल में" असं सांगतात, आणि ते खोटं नाही. ह्या अंकाच्या संपादिकाबाईंनी लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, गोड आठवणी हव्या असतील तर एखाद्या मिठाईवाल्याकडून लिहून घ्या. त्या म्हणाल्या, राग आहे तर राग लिहा. तेव्हा वाचून कोणाचं डोकं दुखलं तर दोष त्यांना द्यावा.

माझं काम समजायला अवघड नाही. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर असतात आणि मधोमध एक. त्या मधल्यातून माणसांचं बोलणं येतं. सोफ्याच्या मागे आणखी दोन, त्यांच्यातून पाऊस, गर्दी, गाड्यांचे आवाज. आणि जमिनीवर एक जड खोका, सबवूफर, ज्यातून नुसता घुमारा येतो: ढोल, स्फोट, विमान. या सगळ्यांना हाकणारं यंत्र म्हणजे रिसीव्हर. त्याच्याबरोबर एक छोटा माईक मिळतो. माणूस जिथे बसतो तिथे, त्याच्या कानाच्या उंचीवर तो ठेवायचा, सगळ्यांनी गप्प बसायचं आणि बटण दाबायचं. एकेक स्पीकर आळीपाळीने फुस्स फुस्स वाजतो. रिसीव्हर माईकमधून ऐकून कोण किती लांब आहे, कोण किती जोरात आहे ते मोजतो आणि त्या जागेपुरतं सगळ्यांना सारखं करतो. त्या जागेपुरतं! हे मी आयुष्यभर घसा फोडून सांगत आलोय आणि लोकांनी ते आयुष्यभर दुसऱ्या कानाने सोडून दिलंय.

पहिली बोंब गप्प बसण्याची. आमच्या गावात गप्प बसणं कोणाला शिकवलेलं नाही. मे महिन्यात कूलर बंद करा म्हटलं की घरातली माणसं माझ्याकडे अशी बघतात की मी त्यांचा श्वासच बंद करायला सांगितलाय. बरं, कूलर बंद केला तर कूकरची शिट्टी होते. शिट्टी संपली तर वरच्या मजल्यावरून कोणीतरी "टीव्ही ठीक हो गया क्या?" म्हणून ओरडतं. रिसीव्हर बिचारा ते सगळं स्पीकरचा आवाज समजून मोजतो. एक गृहस्थ तर माईक हातात धरून, उभ्याने, जावयाशी फोनवर बोलत मोजणी करून बसले होते. नंतर मला फोन. "आपने मशीन ही खराब दी है।" मी त्यांना काय म्हणालो ते अंकात छापता येणार नाही.

दुसरे एक निवृत्त ओव्हरसियर. त्यांनी मोजपट्टी लावून सोफ्यापासून सबवूफरपर्यंतचं अंतर काढलं आणि रिसीव्हरने त्याहून बरंच जास्त दाखवलं म्हणून माझ्या दुकानात येऊन टेबलावर पट्टी आपटली. आता, सबवूफरच्या आतल्या सर्किटमधून आवाज बाहेर यायला जरा उशीर होतो. रिसीव्हर तो उशीर अंतर म्हणून धरतो, आणि ते बरोबरच आहे, कारण त्यावरूनच तो बाकीच्यांना थांबवून धरतो. हे मी चहा पाजून समजावलं. साहेबांनी घरी जाऊन पट्टीचा आकडा हाताने भरला, बासचा, म्हणजे घुमाऱ्याचा, पार विचका झाला, आणि पुन्हा तक्रार घेऊन ते माझ्याच दारात. दर वेळी पट्टी हातात.

आणि आपली मराठी माणसं? त्यांना का सोडू? खासगी बाजार मोहल्ल्यातल्या एका घरी गणपतीत मला बोलावलं. घुमारा फार होतोय, समईची वात थरथरते. जाऊन बघतो तो कोपऱ्यात सबवूफर, त्यावर लाल रेशमी खण, त्यावर गणपती. "उंची अगदी चौरंगाएवढी आहे हो," सूनबाई कौतुकाने म्हणाल्या. अहो, कोपऱ्यात ढकललेला सबवूफर दोन्ही भिंतींचा जोर घेऊन दुप्पट घुमतो. म्हटलं, खोका बाहेर काढा. सगळे दचकले. प्राणप्रतिष्ठा झालीय, उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही. म्हटलं, मग तोवर टीव्ही बंद ठेवा. तर घरातले सगळे पुरुष एका सुरात म्हणाले, "मॅच आहे!" मी देवासमोर तोंडाला येईल ते बोललो, मग नमस्कार केला, त्यांना नाही, देवाला, आणि सबवूफरचा आवाज तळाला नेऊन निघालो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. फक्त खण नवा.

खरं तर सबवूफरची जागा शोधायची एक सोपी युक्ती आहे. खोका उचलून सोफ्यावर ठेवायचा, एखादं बासचं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे बास भरदार आणि साफ ऐकू येईल तिथे खोका ठेवायचा. खोलीत काही जागी घुमारा साचतो, काही जागी तो पार मरतो, हात-दीड हाताच्या फरकाने. पन्नाशी उलटलेला माणूस लोकांच्या दिवाणखान्यात रांगताना बघून पोरंसोरं हसतात, "अंकल, कुछ गिर गया क्या?" हसू देत. मला त्या रांगण्याचा अभिमान आहे. घरातल्या खुर्च्यांचे पाय कोणी माझ्याइतके जवळून पाहिले नसतील.

हे सगळे राग वरवरचे. रात्री जेवलो की उतरतात. एक राग मात्र अजून उतरलेला नाही, आणि खरं म्हणजे तो सांगायलाच मी लिहायला बसलोय.

माधवगंजच्या बाजूला एक मराठा घर आहे. पूर्वज फौजेत होते, आताच्या मालकाचं टाइल्सचं शोरूम आहे. सगळे त्याला राजूभैया म्हणतात. घरात जुनी अदब अजून चालते. आईला आई म्हणत नाहीत, आईसाहेब म्हणतात. राजूचा मला फोन आला.

"काका, आईसाहेबांना डायलॉग ऐकू येत नाहीत. आवाज़ बढ़ाओ तो वूफर दीवारें हिला देता है, पडोसी लडने आ जाते हैं. जरा बघून जा ना."

गेलो. फाटक आईसाहेबांनीच उघडलं. सत्तरीच्या आसपासच्या, ताठ, पांढरी साडी, डोक्यावर पदर. पोर्चमध्ये एक स्कूटर झाकून ठेवलेली होती. मी पिशवी टेकवायला कव्हरचं टोक बाजूला केलं तर त्या पटकन म्हणाल्या, "माझी आहे ती. हे गेल्यावर शिकले. भाजी, बँक, बहिणीकडे, सगळं माझं मी करत होते. आता राजूने चावी काढून घेतली."

"का?" मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो. फाटकाबाहेर टेम्पो घरघरत होता.

"ऐकू येत नाही म्हणतो मला. मागून हॉर्न वाजला आणि कळला नाही तर? आता कुठे जायचं तर त्याला विचारा, सूनबाईंना विचारा. गिऱ्हाईक शोधतोय स्कूटरला."

टेम्पोच्या आवाजात माझी पुटपुट ज्या बाईला कळली ती बहिरी? माझ्या डोक्यात तिथेच काहीतरी चढायला लागलं.

हॉलमध्ये पाय ठेवला आणि माझंच बोलणं मला चार वेळा ऐकू आलं. जमिनीवर आरशासारख्या टाइल्स, भिंतींवर टाइल्स, समोर काच. पडदा नाही, गालिचा नाही. अशा खोलीत शब्द एका भिंतीवरून दुसरीवर आपटत फिरतो आणि कानाशी येईपर्यंत त्याचा लगदा होतो. म्हटलं, "राजू, एक जाड गालिचा टाक आणि पडदे लाव."

"टाइल्स झाकायच्या? काका, हे घर म्हणजे माझं दुसरं शोरूम आहे. पार्टी लोग यहीं बैठ के माल पसंद करते हैं."

"घरातली माणसं कुठे बसतात?"

"यहीं, सोफे पे. सब यहीं बैठते हैं."

मी सोफ्याच्या मधल्या जागी माईक लावला. मोजणी सुरू झाली. राजूला फोन आला, तो दबक्या आवाजात "हाँ, हाँ" करत बसला, आणि मी त्याला खुणेने गप्प करण्यात गुंतलो. एवढ्यात आतून स्वयंपाकघरातून आईसाहेबांचा आवाज आला, "अहो, मागचा उजवीकडचा वाजलाच नाही."

बघितलं तर खरंच त्याची वायर सुटलेली. पुन्हा जोडली, पुन्हा मोजलं. राजूला त्यात काही विशेष वाटलं नाही.

काम आटोपलं, चहा आला. राजूने बातम्या लावल्या. सूनबाई सोफ्यावर त्याच्या शेजारी बसल्या. आणि आईसाहेब येऊन बसल्या त्या आतल्या दाराशी, वेताच्या एका बुटक्या मोढ्यावर, मागच्या डाव्या स्पीकरच्या बरोबर खाली.

"आईसाहेब, तुम्ही नेहमी इथे बसता?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. सोफ्याच्या जागी तेव्हा तक्क्या असायचा, मामंजी बसायचे. त्यांच्यासमोर बरोबरीने कसं बसणार? मग हे बसायला लागले. आता राजू."

"आता तुमच्याहून मोठं कोण आहे घरात?"

त्या हसल्या. "सवय झाली हो. तिथे बसलेलं बरं दिसत नाही."

नावात साहेब आणि बसायला मोढा! मी उठलो, माईक उचलला आणि मोढ्यापाशी लावायला लागलो.

"काका, वहाँ क्यों?" राजू म्हणाला. "तिथे कोण बसतं?"

त्याची आई तिथे बसलेली होती. हातात कप घेऊन, त्याच्यापासून चार पावलांवर. मी तिच्याकडे बोट केलं आणि इतक्या जोरात ओरडलो की त्या टाइल्सनीही माझ्या बाजूने ओरडून घेतलं. "मग ह्या कोण आहेत?"

मोजणीत निघायचं तेच निघालं. मोढ्यावर डोक्यावरचा स्पीकर मधल्या स्पीकरला पार गिळून टाकत होता. बोलणाऱ्या माणसाचं बोलणं तिथे पोचतच नव्हतं, पोचत होती ती मागची गर्दी आणि भिंतींवर आपटलेले तुकडे. पाठीमागच्या कोपऱ्यात साचलेला घुमारा वेगळाच. मी राजूला टीव्हीच्या पडद्यावर सगळे आकडे दाखवले. "आईसाहेबांचे कान नाहीत, त्यांची जागा बहिरी आहे. ती चावी देऊन टाक."

"पर काका, त्या म्हणतात आवाज येतो, शब्द येत नाहीत. हे बहिरेपणाचंच लक्षण असतं. मैंने मोबाइल पे देखा है."

"डॉक्टरला दाखवलं?"

"आता या वयात डॉक्टर काय नवीन सांगणार?"

टाइलला बारीकसा तडा गेला तर हा माणूस कंपनीतून इंजिनियर बोलावतो. आईच्या कानांसाठी मोबाईल पुरे!

त्याच्या रिसीव्हरमध्ये दोन मोजण्या साठवता येत होत्या. एक सोफ्याची ठेवली, दुसरी मोढ्याची. आईसाहेब टीव्ही बघत असतील तेव्हा हे बटण दाबायचं, असं सूनबाईंना दाखवून दिलं. त्या मान डोलावत राहिल्या.

काही दिवसांनी पुन्हा फोन. "काका, आईसाहेबांचं परत तेच. अब तो कान की मशीन भी मँगा दी. तुम्ही एकदा शेवटचं बघून घ्या, नहीं तो मैं ये सिस्टम ही निकाल देता हूँ."

गेलो तेव्हा राजू शोरूमवर होता, यायला निघाला होता. सूनबाई माहेरी. दार आईसाहेबांनी उघडलं. पोर्चमध्ये स्कूटर धुऊन पुसून उभी केलेली.

"संध्याकाळी माणूस येतोय बघायला," त्या म्हणाल्या. "मला सांगितलंसुद्धा नाही. फोनवर बोलत होता, ते मी आतून ऐकलं."

आतून ऐकलं. ऐकू न येणाऱ्या बाईने.

रिसीव्हर लावून बघितला. मोढ्याची मोजणी पुसलेली. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "त्या बटणाने राजूच्या जागी बास कमी यायचा. त्याला आवडला नाही." आणि कानाचं यंत्र? ते फळीवर डाळीच्या डब्याशेजारी पडलेलं. "ते लावलं की भांडी कानात घासल्यासारखी वाटतात. मी राजू आला की लावते आणि गेला की काढते. उगाच वाद कशाला."

मी इतका संतापलो की हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. राजूवर संतापलो, त्या टाइल्सवर संतापलो, आणि खरं सांगतो, त्यांच्यावरही संतापलो. वाद कशाला? चावी गेली, आता स्कूटर जाते आहे, उद्या घरातलं बोलणंही जाईल, आणि ह्या डाळीच्या डब्याशेजारी यंत्र ठेवून शांतता राखतायत! त्यांच्या मुलाला मी आकडे दाखवून झाले होते. आकड्यांनी काही होणार नव्हतं. मला आणखी एक मोजणी करायची नव्हती आणि रांगायचंही नव्हतं.

"आईसाहेब," मी म्हणालो, "तुम्ही सोफ्यावर बसा."

"अहो, पण..."

"मामंजी नाहीत, राजूचे वडील नाहीत. मी बाहेरचा माणूस आहे, मला बरं दिसतं. बसा, नाहीतर मी ह्या सगळ्या वायरी कापून पडावला निघून जाईन."

मी कापल्या नसत्या. चांगली वायर होती. पण माझा चेहरा बघून त्यांना ते खरं वाटलं असावं. पदराला हात पुसत त्या आल्या, काठावर टेकल्या, आणि मग हळूहळू मागे रेलून मधोमध बसल्या. मी बातम्या लावल्या आणि आवाज कमी ठेवला. इतका कमी, की आमच्या गावात कोणी ठेवत नाही. टीव्हीतली बाई चंबळच्या पाण्याबद्दल काहीतरी सांगत होती. आईसाहेब तिचं वाक्य संपायच्या आत तेच मराठीत म्हणून दाखवत होत्या, मला नाही, स्वतःलाच. एका ठिकाणी त्या हसल्या. म्हणाल्या, "ही बाई तोतरी आहे होय! मला वाटायचं, माझेच कान अडखळतात."

दारात राजू उभा होता. आई सोफ्यावर बसलेली बघून तो आधी बावचळला. मग हसून शेजारी बसायला पुढे आला.

"तिथे नको," आईसाहेब म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तिकडे बस."

"कुठे?"

"मोढ्यावर. मी बसते तिथे."

राजूने माझ्याकडे पाहिलं. मी वायरी गुंडाळत होतो. तो थट्टेत मोढ्यावर बसला. गुडघे छातीपर्यंत आले. डोक्यावरचा स्पीकर कोणत्या तरी मोर्चाची गर्दी ओतत होता.

"काय म्हणते ती?" आईसाहेबांनी विचारलं.

"अं?"

"टीव्हीतली. काय म्हणते ते सांग."

तो पुढे वाकला, मान तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली. "आवाज तो बढ़ाओ, आईसाहेब."

"आवाज येत नाही?"

"आवाज आ रहा है," राजू वैतागून म्हणाला, "पर शब्द कुछ समझ में नहीं आ रहे."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. मी पाहिलं, त्याचे कान लाल झाले. आईसाहेबांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि हात पुढे केला.

"गाडीची चावी दे."

"कसली चावी?"

"तुझ्या गाडीची. तुला ऐकू येत नाही, राजू. मागून हॉर्न वाजला आणि कळला नाही तर?"

तो हसला. माझ्याकडे बघून हसला, मी हसलो नाही. आईसाहेबांचा हात तसाच होता. शेवटी त्याने खिशातून ती मोठ्या गाडीची चावी काढली आणि चेष्टा चाललीय अशा थाटात त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली आणि पुन्हा टीव्हीकडे बघायला लागल्या.

"आईसाहेब, मुझे जाना है. शोरूम पे पार्टी बैठी है."

"जा की," त्या म्हणाल्या. "आधी माझी चावी आण. मग ही घे."